विचारून गप्प राहायचं

"थांब," डॉ. खतीजा म्हणाल्या. "प्रश्न तूच विचारलास आणि उत्तरही तूच देऊन टाकलंस. मग समोरच्या बाईनं करायचं काय?"

वर्गात हसू पसरलं. रुग्णाचं सोंग घेऊन समोर बसलेली सौदी मुलगी तर तोंडावर हात धरून हसत होती. मेहनाज ओशाळली. तिनं विचारलं होतं, "तुम्ही रोज चालायला का जात नाही?" आणि ती मुलगी तोंड उघडायच्या आतच, "वेळ मिळत नसेल, पण थोडा तरी काढायलाच हवा," असं सांगूनही टाकलं होतं. घरात वीस वर्षं ती अशीच बोलत आली होती. जेवलात का, नाही जेवला असाल, बसा, वाढते.

जेद्दाच्या त्या विद्यापीठात, बायकांच्या विभागात, ती हेल्थ अँड वेलनेसचा डिप्लोमा करत होती. वर्गातल्या बाकीच्या मुली तिच्या लेकीच्या, अफनानच्या वयाच्या. काही सौदी, काही मिसरी, दोघी-तिघी पाकिस्तानी. पहिल्या दिवशी तिला पाहून एकीनं शिक्षिका समजून उठून सलाम केला होता. आजारी माणसाला औषध देणं हे या शिक्षणाचं काम नव्हतं. माणूस खातो काय, झोपतो कसा, कशाच्या काळजीत असतो, आणि त्याच्या सवयी त्याच्या त्यालाच कशा बदलता येतील, हे त्यात शिकवत. मेहनाजला ते आवडायचं. इंग्रजी शब्द अडले की अफनानला विचारायचे आणि परत वाचायला बसायचं.

डॉ. खतीजा मदिनेच्या. उंच, सावळ्या, बोलणं हळू. सोंग घेतलेली मुलगी जागेवर गेल्यावर त्या म्हणाल्या, "आता घरचा अभ्यास. आपल्या माणसांतलं कुणीतरी एक निवडा. जुनं दुखणं असलेलं. दर आठवड्याला त्याच्यापाशी बसा, विचारा आणि ऐका. पहिले काही आठवडे एकही सल्ला द्यायचा नाही. विचारून गप्प राहायचं. गप्प राहणं जड जाईल, तेच शिकायचंय."

मेहनाजला माणूस शोधायला लांब जायला नको होतं. तिचा नवरा अली याला साखरेचं दुखणं कित्येक वर्षांचं.

अली राबिघच्या बाजूला एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. आठवडाभर तिकडेच कंपनीच्या खोलीवर राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी जेद्दाच्या शराफिया भागातल्या घरी यायचा. दोघंही रायगडच्या किनाऱ्यावरची, श्रीवर्धनकडची. मेहनाज बारावी सायन्स झाली तेव्हा तिला मुंबईला जाऊन नर्सिंग करायचं होतं. त्याच वर्षी सौदीत नोकरीला असलेल्या मुलाचं स्थळ आलं. असं स्थळ कोण सोडतो? मुंबईला जायचं ते राहिलंच. तिला त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. अली भला माणूस होता, वेळेवर घरी येणारा, आवाज न चढवणारा. राहून गेलेल्या गोष्टी प्रत्येकाच्या असतातच, असं ती स्वतःला सांगायची.

मग दोन वर्षांपूर्वी अफनान स्वतःसाठी कॉलेजं शोधत असताना लॅपटॉपवर हा डिप्लोमा दिसला आणि ती थट्टेनं म्हणाली, "अम्मी, ये तो आपके लिए है." मेहनाज हसली. अली मात्र हसला नाही. पुढच्या सुट्टीत तो एकटाच गावी गेला आणि येताना तिची बारावीची मार्कशीट, तिच्यावर सौदीत चालायला लागणारे मुंबईचे-दिल्लीचे सगळे शिक्के मारून घेऊन आला. सुट्टीतले निम्मे दिवस त्यानं कचेऱ्यांच्या दारात घालवले होते. कागद तिच्यापुढे ठेवत तो एवढंच म्हणाला, "तुझा राहिला होता ना." आणि आंघोळीला निघून गेला. न्हाणीघरातल्या नळाचा आवाज ऐकत मेहनाज त्या कागदाकडे बघत कितीतरी वेळ उभी होती.

आता त्याच नवऱ्यापुढे ती गुरुवारी रात्रीचं जेवण झाल्यावर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मला अभ्यासासाठी तुम्हाला थोडं विचारायचंय."

अलीला गंमत वाटली. साहेबासमोर बसावं तसा तो ताठ बसला. तब्येत कशी आहे, तर ठीक. गोळ्या घेता का, तर घेतो. झोप लागते का, तर लागते. अफनान सोफ्यावरून म्हणाली, "अम्मी, ये तो पुलिस की पूछताछ लग रही है." तिघंही हसली आणि पहिला आठवडा तसाच गेला.

दुसऱ्या खेपेला मेहनाजनं प्रश्न बदलला. हे दुखणं तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलंत, असं तिनं विचारलं. स्वतःचं नव्हे, कुणाचंही. आणि मग ओठ मिटून बसली. तिला वाटलं, आता हे म्हणतील, काय माहीत. पण अली टेबलावरचा पेला फिरवत आपल्या वडिलांबद्दल बोलू लागला.

सासऱ्यांना मेहनाजनं पाहिलं नव्हतं. तिच्या लग्नाआधीच ते गेले होते. घरात त्यांचा फोटो होता, डोक्याला टोपी, रुंद छाती. मचव्यावर तांडेल होते, वारं बघून हवा सांगणारे, एवढंच तिला ठाऊक. अलीनं त्या दिवशी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. जाळ्याचा आकडा पायात रुतला होता, साखरेनं पाय बधिर झालेला, त्यांना कळलंच नाही. मुंबईला नेलं तोवर पाय काळा पडला होता. गुडघ्याच्या वर कापला. घरी आल्यावर गावातल्या लोकांनी खाडी दिसावी म्हणून त्यांची खाट पडवीत मांडली, तर त्यांनी ती आत घ्यायला लावली. त्यानंतर जितके दिवस जगले तितके दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडत. त्यांचं जेवण आत नेऊन द्यायचं काम अलीकडे होतं.

"मी ताट ठेवायचो नि पळायचो," अली म्हणाला. "मला त्या खोलीची भीती वाटायची."

मेहनाजच्या जिभेवर चार वाक्यं येऊन उभी राहिली. तुम्ही लहान होतात. म्हणूनच तर मी म्हणते, पायाला जपा. तिनं एकही बाहेर पडू दिलं नाही. अली उठला, पेला स्वतःच धुऊन ठेवला आणि झोपायला गेला. त्याला इतकं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. आपण एवढी वर्षं याच्याशी बोललो की नुसतं याला सांगत आलो, असा प्रश्न तिला पडला.

तिसरा आठवडा. शुक्रवारची दुपार होती. जुम्याची नमाज, जेवण उरकून अली आडवा झाला होता. अफनान मैत्रिणीकडे गेली होती. मेहनाज पलंगाच्या कडेला बसली. तिनं प्रश्न आधीच ठरवून ठेवला होता.

"तुम्हाला कसली भीती वाटते?"

अली काही बोलला नाही. मेहनाजही नाही. खालच्या गल्लीत कुणीतरी मलबारी दुकानदार मोठ्यानं फोनवर बोलत होता. एसी घरघरत होता. ती शांतता इतकी लांबली की मेहनाजला पदर चावावासा वाटला. वर्गात डॉ. खतीजांनी सांगितलं होतं, गप्प राहण्यात आपल्यालाच घाम फुटतो आणि म्हणून आपण बोलून टाकतो. तिला खरोखर घाम फुटला होता. तेवढ्यात तिसऱ्या प्रहरची, असरची अजान झाली. ती पुरी होईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.

मग अली उठून बसला.

"पाय दाखवू काय?" त्यानं विचारलं.

आणि तेव्हा मेहनाजच्या लक्षात आलं की गेले कितीतरी आठवडे हा माणूस घरातही मोजे घालून वावरत होता. विचारलं तेव्हा, एसीनं पाय गार पडतात, असं म्हणाला होता आणि तिनं ते मान्य केलं होतं. नमाजेआधी हातपाय धुवायला, वुजूसाठी मोजे काढायचा तेही न्हाणीघराचं दार लावून.

त्यानं डाव्या पायाचा मोजा हळूहळू उतरवला. आतली पट्टी ओली होती. वास आला. अंगठ्याच्या खाली, तळव्याला, जखम होती. तिच्या कडा पांढऱ्या झालेल्या, मध्ये खोल काळसर. अंगठा सुजून निळा पडलेला. सेफ्टी शूजच्या आत काहीतरी घासत होतं, त्याला जाणवलंच नव्हतं. मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. हळद लावली, मलम लावलं, खोलीवरच्या सुफियानकडून पट्टी बांधून घेतली आणि त्याला शपथ घातली की घरी कळता कामा नये.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"रमजानच्या अगोदरपासून."

"मला का नाही सांगितलंत?"

अलीनं पायाकडे बघतच उत्तर दिलं. "कंपनीचा डॉक्टर बघेल तर अनफिट लिहील. वर चढायचा काम आपला. अनफिट झालो की खलास, फायनल एक्झिट, कायमचा गावी. माझ्या इकाम्यावर तुझा इकामा, माझा गेला की तुझाही इथं राहायचा परवाना गेला. तुझा वर्ष पुरा होऊ दे, मग दाखवीन, असा म्हणत होतो."

ती ज्या वर्गात माणसांच्या तब्येती राखायला शिकत होती, त्या वर्गात ती बसून राहावी म्हणून मेहनाजचा नवरा सडत चाललेला पाय बुटात कोंबून लोखंडी जिने चढत होता. तिला रडायचं होतं, त्याच्यावर ओरडायचं होतं, त्याच्या पायाला मिठी मारायची होती. यातलं तिनं काहीच केलं नाही. तिनं जखमेवर स्वच्छ कापड ठेवलं, अबाया घातला आणि गाडीची चावी घेतली.

"चला," ती म्हणाली.

"उद्या जाऊ."

"आत्ता."

गाडी चालवायला तिला अलीनंच शिकवलं होतं, बायकांना परवाना मिळू लागला त्याच्या पुढच्याच वर्षी, समुद्राकडच्या मोकळ्या रस्त्यावर. तेव्हा तो शेजारी बसून सारखा ब्रेकच्या जागी पाय दाबायचा. त्या दुपारी तो पाय पुढे लांब करून बसला होता. एका सिग्नलला त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. दोघंही समोरच बघत होती.

इस्पितळात सर्जननं बोटानं दाबून पाहिलं, फोटो काढला, रक्त तपासलं. तो तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. त्यानं सांगितलं की अंगठा वाचणार नाही. विष अजून वर चढलेलं नाही, पण आणखी थोडे दिवस गेले असते तर घोट्याशी थांबता आलं नसतं. अलीनं ते ऐकलं आणि तिच्याकडे बघितलं. भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस त्या क्षणी दोघांच्याही डोळ्यांपुढे होता.

"घोट्याखाली थांबेल ना?" तिनं सर्जनला पुन्हा विचारलं.

"थांबेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंगठा काढला. अली शुद्धीवर आला तेव्हा मेहनाज उशाशी होती आणि अफनान पायथ्याशी, चादरीखाली हाताला लागणारा पाय धरून. लेकीचे डोळे सुजले होते. अलीनं आधी चादरीच्या उंचवट्याकडे बघितलं. दोन्ही पाय खालपर्यंत होते. "अलहम्दुलिल्लाह," तो म्हणाला, आणि पाणी मागितलं.

पुढचे काही आठवडे ड्रेसिंग, इंजेक्शनं आणि तासन्‌तास बाकांवर बसण्यात गेले. मेहनाज वर्गाला गेलीच नाही. कंपनीला कळवावं लागलंच. तिकडून निरोप आला की सुट्टी मंजूर आहे, पुढचं डॉक्टरचा कागद बघून ठरवू. म्हणजे जीव टांगणीला. शेवटी एके दिवशी तिनं डॉ. खतीजांना फोन केला आणि सांगितलं की मी नाव काढून घेते. शिवाय तुम्ही दिलेला नियमही मी मोडला. सल्ला द्यायचा नव्हता, मी तर हुकूमच सोडला.

पलीकडून त्यांनी विचारलं, घराचा पत्ता काय.

त्या संध्याकाळी त्या आल्या. शराफियातल्या त्या अरुंद जिन्यानं दोन मजले चढून, हातात मदिनेच्या खजुरांचा डबा आणि कहव्याचा थर्मास घेऊन. मेहनाजची तारांबळ उडाली. अली कुबडीचा आधार घेऊन उभा राहिला, त्यांनी बसा म्हटलं तरी त्या बसल्याशिवाय बसला नाही. कारखान्यात शिकलेली अरबी त्याला बरी यायची. त्यानं अरबीतच त्यांचे आभार मानले. म्हणाला, तुम्ही माझा पाय वाचवलात.

डॉ. खतीजा म्हणाल्या, "मी तर तुम्हाला आज पहिल्यांदा पाहते."

"तुम्ही हिला गप्प बसायला शिकवलंत," अली म्हणाला. "वीस वर्षांत पहिल्यांदा ही प्रश्न विचारून गप्प बसली. मग मलाच बोलावं लागलं."

डॉ. खतीजा मोठ्यानं हसल्या. मेहनाजला लाजही वाटली आणि डोळेही भरून आले. मग त्या मेहनाजकडे वळल्या.

"त्यांनी पाय दाखवला त्यानंतर तू सल्ला दिलास?"

"हो."

"मग नियम मोडला कुठे? ऐकून झाल्यावर जे करायचं ते तू केलंस. नाव काढू नकोस. राहिलेलं पुढच्या सत्रात पूर्ण कर, मी विभागाशी बोलते. आणि यांच्याबद्दल लिहायचं असेल तर आधी यांना विचार."

अलीनं लगेच सांगितलं की खुशाल लिही, फोटो पण घाल. अफनान म्हणाली, "अब्बा, प्लीज, फोटो नको." तिनं एवढं वाक्य मराठीत बोललेलं ऐकून मेहनाजला हसू आलं.

निघताना डॉ. खतीजा दारात थांबल्या. त्यांच्या आईला हेच दुखणं होतं आणि तिला त्या सगळं समजावून सांगत राहिल्या, असं त्या हळूच म्हणाल्या. "तिनं मला काही सांगितलंच नाही. मी विचारलंच नव्हतं." मेहनाजनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्या सोडवून घेईपर्यंत धरून ठेवला.

पुढचं सत्र सुरू झालं तशी मेहनाज परत वर्गात बसू लागली. अलीच्या कागदावर कंपनीच्या डॉक्टरनं लिहिलं की याला उंचीवर चढवू नये. आता घरी पाठवतात, असं धरून त्यानं मनात सामानाची बांधाबांधही सुरू केली होती. पण सुफियानचा फोन आला. हा खेडचा मुलगा, अलीनं हाताखाली घेऊन शिकवलेला. त्यानं आणि बाकीच्यांनी सुपरवायझरला गाठलं होतं. उपकरणं दुरुस्त करून, तपासून परत द्यायची वर्कशॉप असते, तिथं एक जागा रिकामी होती. बसून करायचं काम. अलीनं तिथं यावं, असं ठरलं होतं. फोन ठेवल्यावर अलीनं आभार मानायला शुक्राच्या दोन रकात नमाज पढली, खुर्चीवर बसून. मेहनाज त्याच्यामागे जमिनीवर उभी राहून पढली.

त्याला सोडायला ती राबिघला गेली. रविवारची सकाळ, डाव्या हाताला समुद्र, रस्ता मोकळा. अली बोलत होता. आजकाल तो बोलायचा. कारखान्याचे मनोरे दिसू लागले तशी त्यानं काचेतून बोट दाखवलं. तो जाडा मनोरा दिसतो ना, त्याच्या शेजारचा उंच. त्याच्या माथ्यावर एक मीटर आहे, तो बघायला पहाटे फजरनंतर चढायचो. वर कुणी नसायचं. वारा. समुद्र लांबपर्यंत दिसायचा, मासेमारीच्या होड्यांचे दिवे एकेक विझत जाताना दिसायचे. बाकीचे लोक तिथं जायला कंटाळायचे, मी ते काम मागून घ्यायचो.

"आपल्याकडल्यासारखा वास यायचा," तो म्हणाला.

मेहनाजनं गाडीचा वेग कमी केला. तो त्या मनोऱ्याकडे बघत राहिला, वळणावर तो दिसेनासा होईपर्यंत.

फाटकापाशी सुफियान हेल्मेट घेऊन उभा होता. त्याच्याबरोबर आणखी दोघे-तिघे आले होते. अली उतरला आणि सावलीतल्या बाकड्यावर बसला. इस्पितळानं खास मापानं करून दिलेले बूट त्यानं पिशवीतून काढले. डावा बूट हातात घेऊन उलटा केला, झटकला. मग आत हात घालून, टाचेपासून टोकापर्यंत, शिवणीवरून, कडेनं, बोटं फिरवली. बधिर झालेला पाय आता त्याला काही सांगणार नव्हता, ते हातानंच जाणून घ्यायचं होतं. शिफ्टची माणसं बाजूनं जात होती. काही थांबून बघत होती. त्यानं घाई केली नाही. दुसरा बूटही तसाच तपासला, नाड्या बांधल्या आणि उभा राहिला.

सुफियाननं आधाराला हात पुढे केला. अलीनं त्याच्या हातातलं हेल्मेट तेवढं घेतलं, डोक्यावर ठेवलं, आणि थोडा लंगडत, सगळ्यांच्या पुढे, फाटकातून आत गेला.